फुटबॉल जाऊ द्या, बाकीचे खेळ घरी राहू द्या : सिनेटर मारिया कँटवेल यांना खुले पत्र

मा. मारिया कँटवेल,
सिनेटर, वॉशिंग्टन राज्य,
अमेरिकन सिनेट, वॉशिंग्टन डी. सी.

महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या राज्यातला एक मतदार. पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात शेतीशास्त्र शिकलो आणि पुढे याच राज्यात राहिलो. फुटबॉल वेगळा काढावा आणि बाकीचे खेळ जवळच्या विद्यापीठांशीच व्हावेत, हे म्हणणे आपल्या कार्यालयाला इंग्रजीत कळवले आहेच. मराठीत लिहितो आहे ते इथल्या मराठी घरांसाठी. सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंडला आणि खाली कॅलिफोर्नियात अशी हजारो घरे आहेत. त्यांची मुले इथल्या सरकारी विद्यापीठांत शिकतात, काही त्यांच्या संघांतून खेळतात. तरी कॉलेज फुटबॉलमधली (हा अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) टीव्हीच्या पैशासाठी विद्यापीठांची एका गटातून दुसऱ्या गटात चाललेली पळापळ म्हणजे टीव्हीसमोर बसणाऱ्या शौकिनांचा मामला, असेच बहुतेक घरांत मानले जाते. तसे ते नाही, हे मला आपल्याइतकेच त्यांनाही सांगायचे आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विद्यापीठांचे संघ इथे कॉन्फरन्स नावाच्या गटांत खेळतात. गटातल्यांनी एकमेकांशी खेळायचे, टीव्हीचे हक्क मिळून विकायचे आणि आलेला पैसा वाटून घ्यायचा. हे गट बनले ते शेजारावरून. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा पश्चिम विभाग, दक्षिण विभाग अशा भरतात, तसेच हे. पुण्याचा संघ आधी गुजरात, राजस्थान, गोव्याच्या संघांशी खेळतो. आसामशी गाठ पडायची तर ती अखिल भारतीय फेरीत. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांचा गट १९१५ साली असाच उभा राहिला. नाव आणि सदस्य बदलत २०११ मध्ये तो पॅक-१२ झाला.

हा शंभर वर्षांचा गट जेमतेम चौदा महिन्यांत विस्कटला. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोन विद्यापीठांनी बिग टेन या मध्य-पश्चिमेतल्या गटात जात असल्याचे जाहीर केले. जुलै २०२३च्या अखेरीस कोलोरॅडो बिग ट्वेल्व्ह या आणखी एका गटाकडे वळले. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात पाच विद्यापीठे गेली : सिएटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ आणि ऑरेगन बिग टेनमध्ये, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसी या गटाचा रस्ता धरला. बारापैकी दोन उरली, कॉर्व्हॅलिसचे ऑरेगन स्टेट आणि आमचे वॉशिंग्टन स्टेट. गटाचा कारभार आणि तिजोरी कोणाच्या हाती राहावी यासाठी या दोघांना पुलमन ज्यात येते त्या व्हिटमन काउंटीच्या न्यायालयात जावे लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने मनाई हुकूम दिला आणि डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. न्याय मिळाला. पण तो रिकाम्या घराच्या किल्ल्यांचा होता.

गेलेल्यांना शिव्या देऊन काही होणार नाही, आणि मला ते करायचेही नाही. बिग टेनने ऑगस्ट २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वर जाणारा करार केला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पॅक-१२ समोर ॲपलचा जो देकार होता तो, बातम्यांनुसार, विद्यापीठामागे वर्षाला सुमारे २.३ कोटी डॉलरपासून सुरू होत होता, आणि पुढचा आकडा ग्राहक किती मिळतात यावर अवलंबून होता. सिएटलच्या कुलगुरूंच्या खुर्चीत कोणीही असते तरी त्या दिवशी दुसरे काय केले असते, हे मला सांगता येत नाही. व्यवस्थाच अशी लावून ठेवली आहे की प्रत्येकाने शहाणपणा केला की सगळ्यांचे मिळून नुकसान होते. म्हणून हे पत्र विद्यापीठाला न लिहिता कायदा करणाऱ्यांना लिहितो आहे.

या व्यवस्थेची तारीखही सांगता येते : २७ जून १९८४. त्याआधी कॉलेज फुटबॉलचे टीव्ही हक्क एनसीएए ही मध्यवर्ती संस्था सांभाळायची, आणि कोणता संघ किती वेळा पडद्यावर दिसेल यावर मर्यादा असायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या विद्यापीठांनी याला आव्हान दिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही योजना मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध ठरवली. दोन भिन्नमतांपैकी मुख्य मत न्या. बायरन व्हाइट यांचे. ते स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू. १९३७ साली हाइझमन या कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात दुसरे आलेले. विद्यापीठांच्या खेळाला निव्वळ धंद्याच्या मापाने मोजू नका, हा त्यांच्या मताचा गाभा होता. त्या पीठावर हा खेळ त्यांच्याइतका कोणी खेळलेला नव्हता. चाळीस वर्षांनी त्यांचेच विद्यापीठ पॅक-१२ सोडणाऱ्यांत होते.

त्या निकालानंतर ज्याने त्याने आपले हक्क विकायला सुरुवात केली. मग गटात कोण हवे याचे उत्तर नकाशा देईनासा झाला. कोणत्या शहरात टीव्ही असलेली घरे किती, हा प्रश्न आला. २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स बिग टेनमध्ये आले ते वॉशिंग्टन डी. सी. आणि न्यूयॉर्कच्या घरांसाठी. या हिशेबात पुलमन कुठे बसणार? गव्हाच्या टेकड्यांमधले तीसेक हजार वस्तीचे गाव, त्यातही निम्म्याहून अधिक विद्यार्थी.

पण पुलमनचे मोल टीव्हीच्या घरांवर ठरवायचे का? भारतात शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाला हे गाव फुटबॉलमुळे माहीत नसते. ऑरव्हिल व्होगेल यांनी याच गावात जपानी नोरिन-१० या बुटक्या गव्हाचे संकर केले. त्यांनी ते बियाणे मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांना पाठवले. त्यातून निघालेले बुटके वाण १९६०च्या दशकात भारतात आले, आणि पुढे देशाच्या धान्यकोठारांचे काय झाले हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. सरकारी जमिनीच्या देणगीवर, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी १८९० साली निघालेल्या विद्यापीठाचे हे काम. त्याच गावात शिकणाऱ्या हेन्री रोनो या केनियाच्या विद्यार्थ्याने १९७८ साली ८१ दिवसांत चार जागतिक विक्रम केले : ३,००० मीटर, ३,००० मीटर स्टीपलचेस, ५,००० आणि १०,००० मीटर. एवढ्या छोट्या जागेतून असे धावपटू निघाले, कारण तिथे ॲथलेटिक्स होते, प्रशिक्षक होते, आणि पोरांना प्रवेश व शिष्यवृत्ती देणारा क्रीडा विभाग होता.

जून २०२५ मध्ये वॉशिंग्टन स्टेटने उड्यांचे आणि फेकीचे प्रकार बंद करून ॲथलेटिक्सचा भर मुख्यतः लांब पल्ल्याच्या धावण्यावर ठेवायचे ठरवले. गट फुटला, पैसा आटला; त्याच महिन्यात कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या 'हाऊस' नावाच्या खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि खेळाडूंना थेट पैसे देण्याची नवी स्पर्धा सुरू झाली. खेळाडूंना पैसे मिळावेत या मताचा मी आहे. त्यांच्या घामावर इतरांनी दशकानुदशके कमावले. पण ज्या मुलीने भालाफेकीवर शाळेची चार वर्षे घातली तिचे दार या सगळ्या हिशेबात बंद झाले, आणि तिला कोणी काही विचारले नव्हते.

महोदया, या पत्रात मला जे एकच सांगायचे आहे ते इथे येते. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो. नियमित मोसमात बारा सामने, त्यातले निम्मे घरी. प्रवास खास विमानाने. सिएटलहून न्यू जर्सीत रटगर्सला जायचे म्हणजे जवळपास ३,९०० किलोमीटर आणि तीन तासांचा वेळफरक. सप्टेंबर २०२४ मध्ये वॉशिंग्टनचा संघ तिथे शुक्रवारी रात्री खेळून आला. फुटबॉलवाल्यांना हे वर्षातून एक-दोनदा झेपते. पण विद्यापीठ बिग टेनमध्ये गेले ते एकट्या फुटबॉलला घेऊन गेले नाही. त्यामागे महिलांचे व्हॉलीबॉल गेले, सॉकर गेला, सॉफ्टबॉल, टेनिस, गोल्फ, रोइंग गेले. व्हॉलीबॉलच्या मुली आठवड्यात बहुधा दोनदा खेळतात. सॉफ्टबॉलची एक मालिका तीन दिवस चालते. यांच्या सामन्यांसाठी कोणत्याही वाहिनीने सात अब्ज मोजलेले नाहीत. पण त्या कराराची किंमत त्या मोजतात : विमानतळावर काढलेल्या रात्री, बुडलेले प्रयोगशाळेचे तास, दुखावलेला गुडघा घेऊन पाच-सहा तास अवघडून बसणे. आईवडिलांना पूर्वी गाडी काढून शेजारच्या ऑरेगन राज्यात कॉर्व्हॅलिसला किंवा युजीनला सामना बघायला जाता यायचे, तेही गेले. मराठी घरांतल्या ज्या मुली इथे टेनिस, गोल्फ, पोहण्यात पुढे येत आहेत, त्यांच्या पालकांनी विद्यापीठ निवडताना हा हिशेब आताच मांडून बघावा.

हे असे जोडलेच पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. नोत्र दाम फुटबॉलमध्ये कोणत्याच गटात नाही. त्याचे बहुतेक इतर खेळ २०१३पासून एसीसीत आहेत. कनेटिकटने २०२० मध्ये बास्केटबॉल आणि इतर खेळ परत बिग ईस्टमध्ये नेले आणि फुटबॉल वेगळा ठेवला. यूएससी आणि यूसीएलए बिग टेनमध्ये असूनही वॉटरपोलो पश्चिमेतल्याच संघटनेत खेळतात, कारण बिग टेनमध्ये तो खेळच नाही. आपल्याच राज्यातल्या गोन्झागाने फुटबॉलचा संघ नसताना, मागे उरलेल्या दोघांनी नव्याने उभारायला घेतलेल्या पॅक-१२ मध्ये यायचे ठरवले. यूसीएलएचे तेव्हाचे प्रशिक्षक चिप केली यांनी डिसेंबर २०२३ मध्ये उघडपणे सांगितले होते की फुटबॉल वेगळा काढा आणि बाकीचे खेळ पुन्हा आपापल्या भागात खेळू द्या. हे एका फुटबॉल प्रशिक्षकाचे बोल आहेत, म्हणून मला ते जास्त मोलाचे वाटतात.

कॅलिफोर्नियात काय झाले तेही पाहा. यूसीएलए आणि बर्कली ही एकाच सरकारी विद्यापीठाची दोन आवारे. एक बिग टेनमध्ये गेले, दुसऱ्याला एसीसीत कमी वाट्यावर जावे लागले. मग २०२४ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ठरवले की यूसीएलएने बर्कलीला वर्षाला एक कोटी डॉलर द्यायचे. एकाच मालकाच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात नुकसानभरपाई! आपल्या राज्यात तर एवढेही झाले नाही. ॲपल कप तेवढा उरला. १९०० सालापासूनची ही सिएटल-पुलमन झुंज थँक्सगिव्हिंगच्या सुमारास व्हायची, मोसमाचा शेवट त्याने व्हायचा. आता ती सप्टेंबरात उरकली जाते आणि करार २०२८पर्यंतचाच आहे. ओक्लाहोमाला तेही जमले नाही. ओक्लाहोमा विद्यापीठ एसईसी या दक्षिणेकडच्या गटात गेले आणि ओक्लाहोमा स्टेटशी असलेली दरवर्षीची लढत २०२३नंतर थांबली.

आणखी एक कडू गोष्ट, माझ्याच विद्यापीठाबद्दलची. वॉशिंग्टन स्टेट आणि ऑरेगन स्टेट या मागे टाकलेल्या दोघांनी २०२४च्या सप्टेंबरात नवा गट उभारायला घेतला तो माउंटन वेस्ट गटातून बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि युटा स्टेट यांना ओढून. त्या गटाशी भरपाईवरून कोर्टकचेरी झाली. जे आमच्यावर आले तेच आम्ही दुसऱ्यावर आणले. आमची माणसे वाईट म्हणून नव्हे. जगायला दुसरा रस्ता ठेवलेला नव्हता. कायदा हवा तो यासाठी.

आपण सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेटर बुकर आणि ब्लुमेंथल यांच्यासह मांडलेल्या विधेयकाची दिशा मला योग्य वाटते. १९६१च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने व्यावसायिक संघांना टीव्हीचे हक्क एकत्र विकायची मुभा दिली. त्यामुळेच लाखभर वस्तीच्या ग्रीन बे गावाला राष्ट्रीय प्रक्षेपणातून न्यूयॉर्कइतकाच वाटा मिळतो आणि तिथला संघ आजही तिथेच आहे. विद्यापीठांनाही ही मुभा मिळावी, हे आपले म्हणणे रास्त आहे. बिग टेन आणि एसईसी विरोध करणारच. आज सर्वात मोठा वाटा त्यांच्याच पदरात पडतो.

पण नुसती मुभा पुरायची नाही. ज्यांना आज जास्त मिळते ते आपखुशीने एकत्र यायचे नाहीत. म्हणून दोन गोष्टी विधेयकात स्पष्ट शब्दांत याव्यात अशी माझी विनंती आहे. एकत्र विकलेल्या हक्कांच्या पैशातला किमान वाटा प्रत्येक सहभागी विद्यापीठाला, त्याचे शहर कितीही लहान असो, ठरलेला असावा. आणि मक्तेदारीविरोधी कायद्यातून कोणतीही सूट द्यायची झाली तर ती या अटीवर द्यावी की फुटबॉल वगळता इतर खेळांचे नियमित सामने जवळच्या विद्यापीठांशीच होतील. पुरुषांच्या बास्केटबॉलवर वाद होईल, टीव्हीचा पैसा तिथेही आहे. त्याचा निर्णय वेगळा करा, पण त्यासाठी व्हॉलीबॉल आणि ॲथलेटिक्स अडवून ठेवू नका.

सिनेटच्या वाणिज्य समितीपुढे या विषयावर कॉन्फरन्सचे कमिशनर, प्रशिक्षक आणि नामांकित फुटबॉलपटू येतात. पुढची सुनावणी व्हावी यासाठी आपण प्रयत्न कराल तेव्हा ती आपल्या राज्यात, पुलमनला किंवा निदान स्पोकेनला व्हावी, आणि साक्षीला सिएटलची एखादी व्हॉलीबॉलपटू आणि पुलमनला उड्यांचा सराव बंद झालेला एखादा विद्यार्थी असावा. तारीख कळवल्यास मी स्वतः येईन, आणि आमच्या ओळखीतली खेळाडू मुलांची घरेही येतील.

आपला,
वॉशिंग्टन राज्यातील एक मतदार आणि वॉशिंग्टन स्टेटचा माजी विद्यार्थी