ओनोमिचीच्या पायऱ्या

ओनोमिची, रविवार रात्र

ति. आई-बाबांस सा. न.

हिरोशिमाचं काम शुक्रवारीच आटोपलं. विमान मंगळवारचं, म्हणून आज लोकलने दीड तासावरच्या या बंदरात आले. जेवले आहे, बरी आहे.

बाबा, हे बंदर ११६९ सालचं. आतल्या मुलखातला तांदूळ इथून गलबतांवर चढायचा. आता मात्र सगळं निवांत आहे. समोर मुकाइशिमा बेट, मधली खाडी जेमतेम दोन-तीनशे मीटर. फेरीबोट सुटली म्हणेपर्यंत पलीकडे लागते. दाभोळची आठवण आली, म्हणून उगाचच दोनदा जाऊन आले.

गाव डोंगर आणि समुद्राच्या मध्ये चेपलंय. रेल्वेचे रूळ ओलांडले की लगेच पायऱ्या. आपल्या पाखाडीसारख्याच, पण दगड जांभा नाही, ग्रॅनाइट. वर सेनकोजीचं देऊळ आहे, ८०६ साली स्थापलेलं. रोपवे आहे, पण मी चालतच गेले.

अर्ध्या वाटेवर एक आजी भेटल्या. पाठीवरच्या पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती. पाच-सहा पायऱ्या चढायच्या, थांबायच्या, पुन्हा चढायच्या. कडेला लोखंडी पाइपाचा कठडा होता. जिथे जिथे हात पडतो तिथला रंग उडून लोखंड गुळगुळीत झालेलं. मी पिशवी मागितली. आधी नको म्हणाल्या, मग दिली. त्यांच्या घराखालची दोन्ही घरं बंद. एकाच्या पत्रपेटीच्या फटीवर चिकटपट्टी लावलेली, पुन्हा पत्र पडू नये म्हणून.

अशी बंद घरं इथे खूप आहेत. गाडी वर येत नाही, गुडघे साथ देईनासे झाले की माणसं खाली सपाटीवर नाहीतर मुलांकडे जातात. आणि चार मीटर रुंद रस्ता लागून नसेल तर नव्या बांधकामाला परवानगी नाही, म्हणजे घर एकदा पाडलं की गेलंच. जपायचं तर डागडुजी करूनच. काही तरुण मंडळी तशी घरं घेऊन नीट करतायत. कौलं, सिमेंट, सगळं सामान हाताने वर न्यायचं. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

गणपतीत मी म्हटलं होतं, घर बंद करा आणि ठाण्याला या. बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत, उठून पडवीत गेलात. आज त्या चिकटपट्टीसमोर उभी असताना ते आठवलं. चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं की आपल्या घरीच राहायला काय काय सोयीचं करून देऊ.

दिवाळीत चार दिवस जास्त काढून येते. पाखाडीला खालपासून वरपर्यंत कठडा करून घेऊ. खाऱ्या हवेत गंजणार नाही असा पाइप घेऊ. फणसाखालच्या वळणावर टेकायला एक कट्टाही बांधू. बाबा, तुमचा हात सहज कुठल्या उंचीला टेकतो ते मोजून ठेवा. आईचा वेगळा मोजा, तिला तुमच्या मापाचा उंच होईल. आणि आई, तोवर शेवाळ असेल तिथे एकटी उतरू नकोस, दुधाला बाबांना घेऊन जा.

तुमची,
मनू