फाटक्या डब्यातलं चॉकलेट

प्रिय मैत्रिणी,

सलाम. तुझा मेसेज येऊन पंधरा दिवस झाले, दोनदा व्हॉइस नोट रेकॉर्ड करून डिलीट केली, मग म्हटलं जाऊदे, बसून लिहूनच काढते. तर तुला संडे स्कूलचा, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेचा, सात ते दहा वर्षांचा वर्ग दिलाय आणि पहिलाच धडा बायबलमधल्या शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातला सोळावा अध्याय, देव बाहेरचं रूप बघत नाही, हृदय बघतो. आणि तू विचारतेस "एखादी मस्त ॲक्टिव्हिटी सांग ना". सांगते, पण आधी माझी फजिती ऐक.

मी पण ॲक्टिव्हिटीच केली होती. दोन डबे नेले. एक चकचकीत कागदात, रिबीन बांधून, आत पेन्सिलीचा भुसा आणि चुरगळलेले कागद. दुसरा जुन्या पेपरात गुंडाळलेला, कोपरा फाटका, आत चॉकलेटं. पोरं अर्थातच चकचकीत डब्यावर तुटून पडली, उघडल्यावर तोंडं बघण्यासारखी झाली, मी लगेच सुवर्णवचन, म्हणजे धड्याचं पाठ करायचं वचन, सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, मी घरी एकदम खुशीत. दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या धड्यासाठी परत दोन डबे नेले तर सगळा वर्ग धावत फाटक्या डब्याकडे! एकाने तर चांगल्या डब्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. एवढंच शिकली होती ती, की संडे स्कूलमध्ये चॉकलेट फाटक्या डब्यात असतं. हसू नकोस.

त्या दिवशी घरी येऊन अख्खी गोष्ट परत शांतपणे वाचली, नाहीतर आपण तोंडपाठ आहे म्हणून वाचतच नाही ना. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की फसतो कोण, तर शमुवेल. संदेष्टा! देवाने सांगितलं म्हणून नवा राजा निवडायला इशायच्या घरी गेला, त्याचा थोरला मुलगा अलियाब समोर आला, उंचापुरा, आणि ह्याला वाटलं झालं, हाच राजा. बरं हीच चूक आधी एकदा अनुभवून झालेली, पहिला राजा शौल पण असाच होता, सगळ्या लोकांत खांद्यापासून वर उठून दिसणारा, आणि त्याचं पुढे काय झालं ते शमुवेलने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. तरी परत उंचीवरच नजर गेली. हे मुलांना जरूर सांग, त्यांना फार आवडतं मोठ्या माणसाचं चुकणं. मग अबीनादाब, मग शम्मा, करत करत सात मुलगे पुढे आले आणि सातही नाही. आणि आठव्याला, दावीदला, घरच्यांनी बोलावलंच नव्हतं, तो मेंढरांकडे.

आता एक खड्डा आधीच दाखवून ठेवते. आपण सांगताना दावीदला बिचारा, काळासावळा, मळके कपडे असं करून टाकतो. माझ्या वर्गातल्या एका चष्मेवाल्या मुलीने बायबल उघडून बाराव्या वचनावर बोट ठेवलं, "टीचर, इथे तर लिहिलंय तो दिसायला सुंदर होता, डोळे पण सुंदर". मी गप्प. खरंच लिहिलंय गं! म्हणजे देवाने सुंदर मुलं बाद केली आणि कुरूप निवडला असं नाहीच आहे, दिसण्यावरून हिशोबच केला नाही एवढंच. नाहीतर वर्गातल्या गोऱ्यागोमट्या, नवा फ्रॉक घातलेल्या पोरीला उगाच अपराधी वाटायला लागतं, आणि तिनं काय केलंय सांग.

दुसरा खड्डा याहून मोठा. "देवाला मनातलं सगळं दिसतं" असं मी जरा जोरात बोलले असेन, तर एक छोटी क्लास सुटल्यावर माझी ओढणी धरून उभी. हळूच म्हणाली, "मी मनात दादाला शिवी दिली ती पण दिसली?" डोळ्यांत पाणी. मी शिकवायला गेले प्रेम आणि तिच्या डोक्यावर सीसीटीव्ही बसवून आले. तिला म्हटलं, हो दिसली, आणि दादाने तुझं चित्र फाडलं होतं ते पण दिसलं, तुला नंतर वाईट वाटलं ते पण दिसलं. तेव्हा कुठे ओढणी सोडली. मोठी मुलं हेच वेगळ्या तऱ्हेने विचारतात, बथशेबाची गोष्ट, राजा झाल्यावर दावीदने दुसऱ्याची बायको घेतली ती, त्यांना कुठूनतरी कळलेली असते, मग देवाने हृदय बघून असा कसा निवडला म्हणून. तिथे वकिली करू नकोस. दावीदने केलं ते वाईटच, नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर सांगितलं, आणि त्यानंतरचं म्हणून जे ५१ वं स्तोत्र आहे त्यात तो देवाकडे शुद्ध हृदय मागतोय. मागतोय म्हणजे ते आपल्याकडे नाही हे त्याला कळलंय. एवढं पुरतं मुलांना.

आता खरं जे सांगायचंय ते. आमच्या वर्गात भिंतीवर स्टारचा तक्ता होता. घडाघडा वचन म्हटलं स्टार, वेळेवर आलं स्टार, बायबल आणलं स्टार. एक मुलगा आहे, नऊ वर्षांचा असेल, वचन म्हणायला उभा राहिला की घामाघूम होतो. त्याच्या नावापुढे दोन स्टार. एकदा चित्रं रंगवायला दिली होती, मी सहज बघत होते, तर हा रंगाचा डबा फिरवताना मोडके खडू, बिनकागदाचे, बोटाएवढे राहिलेले, सगळे स्वतःपुढे काढून ठेवतोय आणि अख्खे लहान्यांकडे सरकवतोय. त्याच्या चित्रात आकाश तीन रंगांचं, कारण निळा पुरला नाही. आणि हे तो बरेच दिवस करत असणार, मलाच दिसलं नव्हतं, मी तक्ता बघत होते ना.

आणि मग मी काय केलं असेल? सगळ्यांसमोर त्याला उभं करून कौतुक केलं, तीन स्टार दिले! पोरगा कानापर्यंत लाल. पुढच्या रविवारी मोडक्या खडूंसाठी मारामारी, "टीचर मी मोडका घेतला, मला स्टार". परत फाटका डबाच झाला तो. आतल्या गोष्टीला बक्षीस लावलं की ती त्याच मिनिटाला बाहेरची होऊन जाते. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं आहे ते मी लहानपणापासून पाठ म्हणतेय, त्याचा उपयोग मला या खडूंनी समजावला.

तक्ता काढला. काही पालकांनी विचारलं, एकीला राग पण आला, तिच्या मुलाचे सगळ्यात जास्त होते. आता काही दिसलं तर जाता जाता त्या मुलाच्या कानात सांगते, बघितलं हं मी. बस. कधीकधी ते पण नाही.

बाय द वे, संडे स्कूलची सुरुवात वाचलीयस का कधी? १७८० च्या सुमाराला इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स नावाच्या, वर्तमानपत्र चालवणाऱ्या माणसाने आठवडाभर कामाला जुंपलेल्या पोरांसाठी वर्ग काढले, रविवारीच का तर तेवढाच दिवस मोकळा. वाचायला शिकवायचे आधी. चांगले कपडे नाहीत म्हणून पोरं यायला लाजायची, तर त्याचं म्हणणं, हात-तोंड धुवा, केस विंचरा, स्वच्छ शर्ट नसला तर अंगावर आहे त्यातच या. आणि आपण नाताळच्या कार्यक्रमात पुढच्या ओळीत कोणाला उभं करतो आठव. मी पण केलंय, म्हणून बोलतेय.

ॲक्टिव्हिटी विचारलीस ना, तर चित्र काढायला दे, इशायच्या घरचं. बाकी काही सांगू नकोस. माझ्याकडे एकीने सात भाऊ काढले ओळीत, शमुवेल काढला, आणि शेवटी कागदावर मोठी मोकळी जागा. मी म्हटलं दावीद राहिला की गं. तर म्हणे, "तो मेंढरांकडे आहे. बोलावायला माणूस गेलाय." मग मी विचारलं हे सगळे उभे का, तर माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी धडा वाचलाच नाही, "तो येईपर्यंत बसायचं नाही असं शमुवेलने सांगितलंय ना".

आहे तसं, अकराव्या वचनात. मी इतकी वर्षं ते शिकवताना गाळत होते.

पहिला रविवार झाला की फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल. आणि ते डबे हवे असतील तर माझ्याकडेच पडून आहेत, चकचकीत कागद पण आता फाटलाय, त्यामुळे कोणता कोणता ते ओळखू येत नाही.

तुझीच,
मी