‘नंतर बघू’ दरवेळी कोणाच्या वाट्याला येतं?

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत निवृत्तीच्या नियोजनावर लेख आला होता तो आमच्या घरात दोनदा वाचला गेला, एकदा मी मनातल्या मनात आणि एकदा बायकोने मोठ्याने, आणि दुसऱ्या वाचनाला जरा भांडण झालं म्हणून हे पत्र लिहितोय. लेखाचं म्हणणं साधारण असं की बाहेरचा चहा, हॉटेल, फिरणं यावर कात्री लावा, तो पैसा गुंतवा, म्हातारपण सुखात जाईल. गणित म्हणून त्यात चूक काहीच नाही, मी पण तीस वर्षं तेच करत आलो. फक्त कात्री घरातल्या कोणाच्या कापडावर चालते हे लेखात कुठेच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी पण कधी बघितलं नव्हतं.

मी गोव्यातल्या साखळी गावचा. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कंपनीत स्टोअरला आहे, पुढच्या वर्षी 58 पूर्ण झाले की घरी. सरकारी नोकरी मिळाली नाही (गोव्यात एवढं सांगितलं की पुढचं लोकांना आपोआप कळतं). माझ्याबरोबर शाळेत असलेले दोघे मास्तर झाले, त्यांना जुनी पेन्शन आहे, वर महागाई भत्ता वाढला की पेन्शन वाढते, त्यांना असले लेख वाचायची गरजच नाही.

आमचं काय ते सांगतो. पीएफमध्ये कंपनी जो 12 टक्के हिस्सा भरते त्यातला 8.33 टक्के पेन्शनच्या खात्यात जातो, पण पूर्ण पगारावर नाही, एका मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा आधी 6,500 होती, 2014 च्या सप्टेंबरात 15,000 केली, म्हणजे महिन्याला फार तर 1,250 रुपये. पेन्शन काढताना पगार गुणिले वर्षं भागिले 70 असा हिशोब असतो आणि 2014 आधीची वर्षं जुन्या 6,500 नेच धरतात. तर माझं सगळं जोडून बसतं साडेचार हजारांच्या आसपास. ही रक्कम एकदा ठरली की ठरली, महागाईबरोबर वाढत नाही. आणि मी गेलो तर बायकोला त्याची निम्मी, सव्वादोन हजार. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत म्हाताऱ्यांना नुसतेच महिन्याला 2,000 मिळतात, तीस वर्षं पंचिंग करून आम्ही त्याच्या जरा वर पोचलो.

त्या 1,250 ची एक गंमत आहे. आमच्या गेटसमोर एक गाडा लागतो, तिथली भाजी-पाव आणि मिरची मी 2010 च्या सुमाराला असाच कुठलातरी लेख वाचून बंद केली होती. आजच्या भावाने रोजचे 50 धरले आणि महिन्याचे 25 दिवस, तर बरोबर 1,250. म्हटलं चला, आपली दुसरी पेन्शन चालू. तीन महिने डब्यातली चपाती खाल्ली, चौथ्या महिन्यात परत गाड्यावर, आणि तोवर वाचवलेले पैसे बाईकच्या क्लचमध्ये गेले.

आता भांडणाकडे येतो. मला लग्नापासून डायरीत हिशोब लिहायची सवय आहे, कंपनी दरवर्षी डायरी देते त्यात, कपाटावर गठ्ठा पडून आहे. बायको म्हणाली की लेखात मौजमजा कमी करा म्हणतात, तर आपण कोणाची केली ते काढा की एकदा. मी जोरात काढायला बसलो. एका बाजूला माझं लिहायचं, एका बाजूला तिचं.

माझ्या बाजूला नाटक सापडलं. आमच्या वाड्यावर जत्रेला दरवर्षी नाटक होतं, मी बहुतेक सरदार असतो, दाढी लावून दोन प्रवेश, तिसऱ्यात मरतो. त्याची वर्गणी, ड्रेपरीवाल्याला (नाटकाचे कपडे भाड्याने देतो तो) आगाऊ द्यायचे, तालमीच्या महिन्यात रोजचा चहा, आणि प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी आम्हा नटमंडळींचं जेवण. एवढं सगळं धरून वर्षाला पाच-सहा हजारांच्या वर कधी गेलं नाही आणि ते मी एकाही वर्षी चुकवलं नाही, कोविडची वर्षं सोडून. मार्च-एप्रिलची हुर्राक (काजूची दारू) वेगळी, ती मी डायरीत ‘किरकोळ’ म्हणून लिहीत होतो हे आता कबूल करतो.

मग आली गाडी. 2015 ला घेतली, हप्ता 11,400, सात वर्षं, बेरीज केली तर 9,57,600. कॅल्क्युलेटर दोनदा दाबला. ही गाडी आम्हाला मजा म्हणून पण नको होती, मी कामाला बसने जातो, शेजारी दोघांनी घेतली आणि मुलाच्या मुंजीला पाहुण्यांसमोर बरं दिसेल म्हणून घेतली. पावसाळ्यात ती ताडपत्रीखाली असते. म्हणजे बघा, ती ना आजच्या सुखात धरता येते ना उद्याच्या सोयीत, आणि आमच्या घरातला सगळ्यात मोठा आकडा तीच. आपल्या लेखात चहाचा हिशोब होता, गाडीच्या हप्त्याचा नव्हता.

आमच्या डिचोली तालुक्यात तर हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. लोखंडाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा लोकांनी कर्जावर ट्रक घेतले, एकाचे दोन, दोनाचे चार, ते कोणी चैन म्हणून नव्हे घेतले, म्हातारपणाची सोय म्हणूनच घेतले. मग 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मध्ये चालू झाल्या, 2018 च्या मार्चात परत बंद. ट्रक अंगणात, हप्ते बँकेत. त्यातल्या कोणाला ‘तुम्ही चहा जास्त प्यायलात’ असं सांगून बघा.

आणि नुसतं साठवलं म्हणजे झालं असंही नाही. आमच्या नात्यात एक मास्तर होते, बांगडा सोडून दुसरी मासळी घरात आणली नाही त्यांनी, इसवण (सुरमई) फक्त जावई आला तर. सगळी पुंजी एकाच सहकारी बँकेत, कारण तिथे व्याज अर्धा टक्का जास्त आणि मॅनेजर ओळखीचा. बँक बुडाली. ठेवीवर विमा असतो पण तो 2020 च्या फेब्रुवारीपर्यंत फक्त 1 लाखाचा होता, तेव्हा 5 लाखांचा केला. त्यांची ठेव त्याच्या बरीच वर होती. असो, तो वेगळा विषय.

तर तिची बाजू. मला वाटलं होतं तिथे पण काहीतरी निघेल, साड्या वगैरे. साड्या निघाल्या पण त्या चवथीला आणि लग्नाकार्याला, म्हणजे लोकांसाठीच. मग 2009 च्या जूनमधलं एक पान निघालं, माझ्याच अक्षरात, ‘पंढरपूर नको सांगितलं. पुढच्या वर्षी.’ 2013 ला परत जूनमध्ये, ‘हिची वारी, मुलाची फी आहे, नंतर.’ 2014 ला नुसतं ‘वारी नंतर बघू.’ 2017 ला तर मी शब्दपण खर्च केला नव्हता, तिने दिंडीवाल्यांना दिलेले 500 आगाऊ परत आणले ते जमेच्या बाजूला लिहिले होते.

इथे सांगायला पाहिजे की तिचं माहेर विठ्ठलापूरचं, वाळवंटी नदीच्या काठी विठ्ठलाच्या देवळाजवळच, चैत्राचा उत्सव बघत मोठी झाली. आषाढीला आमच्या भागातून चोर्ला घाट चढून पायी दिंड्या जातात, तिला एकदा तसं जायचं होतं. बसने नाही, पायी. खर्च म्हणाल तर काहीच नाही हो, जेवणाखाणाची वर्गणी आणि घरी मुलाचं नि म्हाताऱ्या आईचं बघायला कोणीतरी. माझ्या एका वर्षाच्या नाटकापेक्षा कमीच. पण ते माणूस ठेवायचे पैसे आणि दोन-तीन आठवडे घर उघडं पडणार म्हणून मी दरवेळी म्हणायचो की निवृत्त झालो की दोघं मिळून जाऊ, तेव्हा काय घाई आहे.

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांचा एक्स-रे काढला. डॉक्टरने तो लाईटच्या पेटीवर लावला आणि पेनाने दाखवलं, इथे गादी असते ती झिजलीय, हाडाला हाड लागायला आलंय, जिना कमी, मांडी घालून बसणं बंद, चढ अजिबात नको. मी गोळ्या किती दिवस ते विचारत होतो आणि ही विचारते, घाट म्हणजे चढच ना? डॉक्टरला कळेना कुठला घाट.

परवा डायऱ्या पसरलेल्या असताना ती एवढंच म्हणाली, निवृत्त झाल्यावर पैसे तुम्ही देणार, पाय कोण देणार, विठोबा काय? आणि आत गेली.

संपादक महोदय, मी दोन दिवस त्यावरच विचार करतोय. नाटक मी सत्तरीत पण करीन, सरदार नाही तर म्हातारा राजा, खुर्चीवर बसून. हुर्राक तर बसूनच पितात. माझ्या ज्या आवडी मी कधी सोडल्या नाहीत त्या नेमक्या थांबू शकणाऱ्या होत्या आणि तिची जी एक होती ती पायांची होती, तिला मुदत होती. असल्या लेखांत आता की नंतर असं सरसकट विचारतात. माझं म्हणणं, घरात प्रत्येकाच्या इच्छा लिहून काढा आणि ज्याला गुडघे, डोळे, दम लागतो ते आधी उरका, भले चार पैसे कमी साठले तरी चालतील. आणि ते कोणाचं राहिलंय ते नवऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगू नये, बायकोला विचारावं.

साठवू नका असं मी म्हणत नाही हां, उलट. आमचा घरखर्च आज 32,000 आहे, महागाई 6 टक्के धरली तर बारा वर्षांत दुप्पट, म्हणजे मी सत्तरीला टेकलो की 64,000. आजारपणाचं आपल्या गोव्यात त्यातल्या त्यात बरं, बांबोळीचं मेडिकल कॉलेज आहे, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड आहे, त्यामुळे रात्रीची झोप उडत नाही. पण ही माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, बायका तशाही जास्त जगतात, म्हणजे शेवटची काही वर्षं ती एकटीच असणार आणि तेव्हा तिच्याकडे सव्वादोन हजार पेन्शन. म्हातारपणाची बचत म्हणतो ती खरी तिच्याच म्हातारपणाची. आणि आजवर ती सगळी माझ्या नावावर. म्हणजे तिचं आज मी कापलं आणि उद्या पण तिच्या नावावर ठेवलं नाही!

पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून चाळीस लाखांच्या घरात येतील. त्यातले 30 पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकायचं ठरवलंय, कमाल तेवढेच टाकता येतात. साठीच्या आत निवृत्त झालो तरी 55 नंतर चालतं, फक्त पैसे हातात आल्यापासून 3 महिन्यांत खातं उघडायचं. 8.2 टक्क्याने दर तिमाहीला 61,500 सुटतात, महिन्याला 20,500. खातं दोघांच्या नावे, म्हणजे माझ्यामागे ती पुढे चालवू शकेल. तिच्या एकटीच्या नावावर पीपीएफचं बचत खातं मागच्याच आठवड्यात उघडलं, पोस्टातल्या बाई म्हणाल्या 15 वर्षांची मुदत आहे हां काकू, ही म्हणाली मला घाई नाही. 20,500 आणि पेन्शन धरून 25,000 होतात, खर्चाला 7,000 कमी पडतात. ते उरलेल्या पैशातून आणि मी कुठेतरी अर्धवेळ हिशोब लिहून भागवीन.

मुलगा पुण्याला आहे, सत्तावीस वर्षांचा, त्याला मी कायम ओरडतो की दर दोन महिन्यांनी ट्रेक काय, एसआयपी (दरमहाची गुंतवणूक) वाढव. परवा फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाला, बाबा, एसआयपी चालू आहे माझी, पण आईला तुम्ही काय उत्तर दिलं? मी म्हटलं नेटवर्क जातंय.

गाडी विकायला काढलीय. दलाल दीड लाख म्हणतो, मी दोन धरून बसलोय. त्यातून वर्षाला ठरावीक रक्कम हिच्या हातात, हिशोब मागायचा नाही, डायरीत पण लिहायचं नाही. यंदा आषाढीला ती दिंडीबरोबर साखळीहून निघणार, केरीपर्यंत सपाटीला जमेल तेवढं चालणार, घाटाच्या पायथ्याला दिंडीच्या सामानाच्या टेम्पोत बसणार आणि वर पोचलं की परत उतरून थोडं चालणार, असं तिने दिंडीवाल्यांशी परस्पर ठरवलंय. मी रजा टाकलीय, म्हातारी आई आणि घर माझ्याकडे. डॉक्टरला अजून विचारलेलं नाही.

आपला,
एक जुना वाचक, साखळी