प्रतिकारशक्तीवर भिस्त ठेवू नका, तपासणी सांगा

माननीय संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतील गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लेख वाचून मी फार अस्वस्थ झाले. ‘प्रतिकारशक्ती भक्कम असेल तर एचपीव्ही जवळ फिरकत नाही’ हे विधान (एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, या कर्करोगामागचा विषाणू) त्यात पुन्हापुन्हा आले आहे आणि त्याच्या आधारावर आवळा, हळद व गुळवेलीची चौकटही छापली आहे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पॅप चाचणीच्या, म्हणजे गर्भाशयमुखावरून घेतलेल्या पेशींच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात माझी सारी नोकरी गेली. हे विधान चुकीचे आहे आणि त्यामुळे जीव जाऊ शकतो, म्हणून हे पत्र.

हा विषाणू प्रतिकारशक्तीशी लढायला येतच नाही. गर्भाशयमुखाच्या अस्तराला पडलेल्या सूक्ष्म ओरखड्यातून तो सर्वांत खालच्या थरातील पेशींत शिरतो आणि तिथे आपली प्रथिने अगदी थोडी बनवतो. त्याचे कवच तयार होते ते थेट वरच्या थरात, जिथल्या पेशी थोड्याच वेळात आपोआप झडणार असतात. तो रक्तात उतरत नाही आणि पेशी फोडून बाहेर पडत नाही, त्यामुळे ताप नाही, सूज नाही आणि शरीराला कसली वर्दीही नाही. एवढ्यावर तो थांबत नाही. त्याचे ई५ हे प्रथिन एमएचसी-१ रेणूंना पेशीच्या आतच अडकवून ठेवते. आत काय चालले आहे हे बाधित पेशी मारणाऱ्या टी-पेशींना दाखवण्याचे काम याच रेणूंचे असते. ई६ आणि ई७ ही प्रथिने इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणू आल्याचा इशारा देणाऱ्या प्रथिनांची हाक दाबतात आणि अस्तरात गस्त घालणाऱ्या लँगरहान्स पेशींची संख्याही त्यांच्यामुळे घटते. धडधाकट बाईच्या शरीरातही हे सगळे असेच घडते.

पेशी बिघडते कशी, याला तर आपल्या लेखात एकही वाक्य मिळालेले नाही. विषाणूकडे स्वतःच्या डीएनएची नक्कल करण्याची यंत्रणा नसते, ती त्याला पेशीचीच वापरावी लागते; पण वरच्या थरांतील पेशींनी विभाजन थांबवलेले असते. म्हणून ई७ हे विभाजन रोखून धरणाऱ्या आरबी प्रथिनाला पकडून नष्ट करवते आणि विभाजनाचा लगाम सुटतो. असे अवेळी विभाजन सुरू झाले की पी५३ हे प्रथिन पेशीला थांबवते किंवा आत्मनाशाकडे नेते, आणि ते घडू नये म्हणून ई६ पुढे येते. ते पी५३ ला स्वतः मारत नाही. पेशीतल्याच ई६एपी नावाच्या प्रथिनाला हाताशी धरून ते पी५३ वर युबिक्विटिनची, म्हणजे ‘हे मोडीत काढा’ अशी खूण चढवते आणि मग पेशीची स्वतःची विल्हेवाट यंत्रणा पी५३ चे तुकडे करते. कर्करोग हा विषाणूचा हेतू नव्हेच, त्यात त्याचा काही लाभ नाही. बहुतेकदा त्याचा डीएनए आमच्या गुणसूत्रात घुसून तुटतो, ई६-ई७ ला आवर घालणारे ई२ जनुक निकामी होते आणि ही दोन प्रथिने वर्षानुवर्षे बेबंद तयार होत राहतात. याच कर्करोगाच्या रुग्ण असलेल्या अमेरिकेतील हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या आणि प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या हीला पेशी आजही एचपीव्ही-१८ या प्रकाराच्या याच दोन प्रथिनांवर वाढत आहेत. ती बंद पाडली की त्या पेशींची वाढ थांबते, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

दहापैकी सुमारे नऊ संसर्ग दोनएक वर्षांत शरीर स्वतःच मोडून काढते, हे खरे आहे. एचआयव्हीबाधित स्त्रियांना या कर्करोगाचा धोका सहापट असतो, म्हणजे प्रतिकारशक्तीचे महत्त्वही खरे आहे. परंतु उरलेला दहावा संसर्ग कोणाच्या शरीरात ठाण मांडून बसेल हे काढ्याने ठरत नाही.

माझ्या मावसबहिणीची पाळी बंद होऊन बराच काळ लोटला होता आणि तिला पुन्हा अंगावरून जाऊ लागले. ती दिवसभर शेतात राबणारी, कधी अंथरूण न धरलेली बाई होती. गावाजवळच्या एका दवाखान्यात तिला सांगण्यात आले की हा अशक्तपणा आहे, ताकद भरून आली की रक्त थांबेल. टॉनिकच्या बाटल्या झाल्या, पावडरी झाल्या, घरच्यांनी काढेही सुरू केले. आतून तपासणी मात्र कोणीही केली नाही. ती आमच्या रुग्णालयात आली तेव्हा गाठ ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचली होती आणि एका मूत्रपिंडाची वाट बंद झाली होती. ती गेली त्या दिवशी तिच्याच अंगणात मी ऐकले की बाईने स्वतःला जपले नाही, खाण्यापिण्याकडे लक्ष दिले नाही. तिला आजार विषाणूने दिला, उशीर डॉक्टरांनी केला आणि दोष तिच्या पदरात पडला. आपला लेख तोच दोष छापील अक्षरांत पुन्हा बायकांच्या पदरात टाकतो, याचा मला संताप येतो.

लेखासोबतचे चित्रही चुकीचे आहे. ते काटेरी करोना विषाणूचे आहे. एचपीव्हीला तसे काटे नसतात आणि बाहेरचे मेदाचे आवरणही नसते. एल१ प्रथिनाच्या ७२ गुच्छांचे ते गोल कवच असते. ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही, कारण लस याच कवचाची आहे. आत डीएनए नसलेले रिकामे कवच दंडात टोचले जाते, आणि विषाणू शरीरापासून जे लपवत आला ते शरीराला उघड दिसते. म्हणूनच लशीनंतर तयार होणारी प्रतिपिंडे नैसर्गिक संसर्गानंतरच्या प्रतिपिंडांहून कितीतरी अधिक असतात. आधीच शिरलेल्या विषाणूला मात्र लस हटवू शकत नाही, आणि त्यासाठीच ती ९ ते १४ या वयात द्यायची असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तिचा उल्लेख आपल्याच राज्यातील वृत्तपत्राच्या लेखात नसावा, याचे वाईट वाटते.

ज्यांचे लशीचे वय उलटून गेले त्यांच्यासाठी तपासणी आहे, आणि तिचा पुरावा आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने पुढे गेलेला कर्करोग आणि त्यामुळे होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या बायकांनी गावातून येऊन चाचणी करून घेतली म्हणून आज जगाला हे ठाऊक आहे.

तेव्हा चौकटीतील मजकूर मागे घेऊन, त्याच पुरवणीत तेवढ्याच जागेत दोन गोष्टी छापाव्यात, ही विनंती. पाळी बंद झाल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेले तर आतून तपासणी झाल्याशिवाय कोणतेही टॉनिक घेऊ नये. आणि तिशीनंतर काहीही त्रास नसला तरी एचपीव्ही चाचणी करून घ्यावी.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सोलापूर