घरचा चार्ज कोण देणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सण आणि सुट्ट्या तोंडावर आल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत घरी परतणाऱ्यांसाठी सल्ले छापून येतात. कोणाला काय भेट न्यावी, बॅग कशी भरावी, फोटो कसे काढावेत. वाचायला बरं वाटतं. पण खूप काळाने घरात पाऊल टाकणाऱ्याची खरी अडचण बॅगेत नसते. तो नसताना घरात काय काय घडून गेलं हे त्याला ठाऊक नसतं, आणि ते त्याला कोणी सांगायचं हे घरात कोणी ठरवलेलं नसतं.

मी व्यापारी जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. जगात आमच्यासारखे दर्यावर्दी सुमारे १९ लाख. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे आम्हाला सलग बारा महिने जहाजावर ठेवता येत नाही, त्याआधी घरी धाडावं लागतं. नियम नियमाच्या जागी. २०२० साली बंदरं आणि विमानं बंद झाली तेव्हा जवळपास चार लाख माणसं नोकरीचा करार संपूनही जहाजांवर अडकून पडली होती. रिलिव्हर, म्हणजे आपली जागा घेणारा माणूस, चढल्याशिवाय आपण उतरत नाही, त्यामुळे घरी जायची तारीख आम्ही कधीच छातीठोक सांगत नाही. (म्हणूनच घरच्यांना माझं सांगणं असतं की सण माझ्यासाठी पुढे ढकलू नका. ज्या दिवशी आहे त्या दिवशी उरकून टाका. मी आल्यावर बसू पुन्हा एकत्र.)

जहाजावर नवा माणूस चढला की आधीचा त्याला चार्ज देतो, म्हणजे कामाची सगळी माहिती देऊन सूत्रं सोपवतो. तो पंचवीस वर्षं समुद्रावर काढलेला असला तरी देतो. नव्याने रुजू होणाऱ्याला जहाजाची नीट ओळख करून द्यायची हे आयएसएम कोडमध्येच, म्हणजे जहाजं सुरक्षित चालवण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच, लिहिलेलं आहे. टँकर आणि प्रवासी जहाजांना हा कोड १९९८ पासून लागू झाला, उरलेल्या बहुतेक मालवाहू जहाजांना २००२ पासून. मी चार्ज देतो तेव्हा रिलिव्हरला घेऊन इंजिन रूममध्ये वरपासून खालपर्यंत फिरतो. हा तेल शुद्ध करणारा प्युरिफायर गळतो, भांडं ठेवलंय. दोन नंबरचा जनरेटर लोड घेताना कुरकुरतो, एकदम टाकू नकोस. हा अलार्म खोटा वाजतो, पण शेजारचा कधीही खोटा वाजत नाही. मग हे सगळं कागदावर, खाली दोघांच्या सह्या.

आणि घरी? मागे एकदा आलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. चुलत भावाच्या मुलाला विचारलं, "काय रे, कॉलेज कसं चाललंय?" खोलीतली दहा माणसं एकाच वेळी गप्प झाली. मुलाने कॉलेज सोडून वर्ष होत आलं होतं. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत, मला सोडून. नंतर आत बोलावून मलाच ऐकवलं गेलं, "सगळ्यांसमोर कशाला विचारायचं?"

त्याच मुक्कामात वडिलांचं कळलं. तसा रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. बाबा नेहमी खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत, फोन नेहमी त्यांच्या डाव्या बाजूने धरलेला, अंगावर शाल. उन्हाळ्यातही शाल. मी गमतीने म्हणालोही होतो, "एवढी कसली थंडी?" घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडून पाण्याचा पेला डाव्या हाताने घेतला, तेव्हा शालीखाली काय झाकलेलं होतं ते दिसलं. सौम्य झटका येऊन गेला होता. उजव्या हाताची पकड अजून पुरती आलेली नव्हती. दादाला विचारलं, मला का नाही सांगितलंत? तो म्हणाला, "सांगून काय करणार होतास? पोहत येणार होतास?"

त्याच्या जागी त्याचं बरोबर होतं. बोटीवरच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, ही आमच्या धंद्यातल्या घरांची जुनी रीत. पूर्वी पत्रं महिन्याने पोचायची तेव्हा तिला अर्थही होता. आता २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांमुळे त्याच सागरी कामगार करारात जहाजावरच्या इंटरनेटचीही तरतूद आलेली आहे. संपर्क वाढला, पण फोन कुठल्या बाजूने धरायचा हे अजून घरचेच ठरवतात. आणि हे फक्त बोटीवरच्यांचं नाही. परदेशी शिकणारी मुलं, सीमेवरचे जवान, वर्षानुवर्षांचं भांडण मिटवून पहिल्यांदाच घरी येणारी बहीण, सगळ्यांना हेच भोगावं लागतं.

यावर तोडगा काढला तो माझ्या वहिनींनी. गेल्या खेपेला मी निघायच्या दोन दिवस आधी त्यांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. त्यांची परवानगी घेऊन, थोडा गाळून, इथे देतो:

"भावजी, बाबांच्या उजव्या हाताला बसा, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. तुमची खोली आता आईंची आहे, जिना चढवत नाही त्यांना. तुमची गादी वर. काकांसमोर जागेचा विषय नको, प्रकरण वकिलाकडे आहे. आत्याच्या मोठीचं ठरलेलं लग्न मोडलंय, तिने स्वतः काढल्याशिवाय बोलू नका. आमच्या धाकटीला 'केवढी मोठी झालीस' म्हणू नका, दहा जणांनी म्हटलं की ती खोलीबाहेर येत नाही. आई तीच गोष्ट दोन-तीनदा सांगतात. डॉक्टरांना दाखवलंय, तुम्ही लगेच गूगल करू नका. गिझरचं बटण उलटं बसवलंय."

आमच्या चीफ इंजिनिअरनेसुद्धा इतका चोख चार्ज मला कधी दिलेला नाही. त्यात एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. लग्न का मोडलं, जागेच्या प्रकरणात कोणाचं चुकलं, याचा एक शब्द नाही. आम्हीही पंप कोणी बिघडवला हे चार्जमध्ये लिहीत नाही. पंप बंद आहे, सध्या दुसऱ्यावर चालवा, सुटे भाग मागवलेत, एवढंच. घरात मात्र बहुतेक वेळा उलटं होतं. कोणी सांगितलंच तर आधी दोष सांगतो आणि मग जमलं तर हकिकत, त्यामुळे येणारा दारातच कोणा ना कोणाच्या बाजूचा होऊन बसतो.

काही जण म्हणतील, सगळं आधीच कळलं तर भेटण्यात मजा ती काय? मला उलटं वाटतं. त्या खेपेला मी आईची तीच गोष्ट तिसऱ्यांदा ऐकली आणि हे काय चाललंय म्हणून दादाकडे पाहिलं नाही. काका माझ्याशी बागेविषयी तासभर बोलले. आत्याच्या मुलीने तिसऱ्या दिवशी गच्चीवर आपणहून सगळं सांगितलं.

आलेल्या माणसाचा चार्जही घरच्यांनी घ्यावा. इंजिन रूमवाल्याची झोप विचित्र होते. आम्हाला आवाजाने जाग येत नाही, आवाज थांबला की येते. जहाजावर एकदम शांत झालं म्हणजे जनरेटर बसला, सगळं बंद. त्यामुळे घरी आल्यावर पहिले काही दिवस मी मध्यरात्री दचकून उठतो, कारण घर शांत असतं. हे न सांगितल्यामुळे माझ्या बायकोने बरीच वर्षं वेगळीच काळजी केली. आता रात्री पंखा मोठा लावतो.

जाणाऱ्यानेही कागद ठेवून जावं. माझ्या कागदावर कंपनीच्या क्रू विभागाचा फोन, करार संपायची तारीख, बँकेत आणि विम्यात वारस कोण, आणि जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, असतो. जहाजाचं नाव बदलतं, मालक बदलतो, झेंडाही बदलतो, तो क्रमांक बदलत नाही. अडीअडचणीला जहाज शोधायचं तर तोच हवा.

तेव्हा संपादक महाशय, यंदाच्या पुरवणीत भेटवस्तूंचं एक पान कमी करा आणि त्या जागी वहिनींचा मेसेज छापा. नावं त्यात तशीही नाहीत. गिझरची ओळ मात्र काढून टाका, ते बटण परवा दुरुस्त झालं.

आपला,
रजेवर असलेला एक सेकंड इंजिनिअर