आल्बीचा पुतळा आणि बाबांचा प्रश्न

तुलूज, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी आल्बीच्या चौकातून व्हिडिओ कॉल केला, तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "त्या गावाला समुद्र नाही, मग पुतळ्याभोवती नांगर आणि तोफा कशाला?" मी सांगत होते, पण वाऱ्यामुळे बाबांना काहीच ऐकू गेलं नाही. आईनं तर फोन ठेवता ठेवता "त्याला बायको-मुलं होती का गं?" असंही विचारलं. दोन्ही प्रश्न माझ्या डोक्यातून जाईनात. आज घरी आहे, तर सावकाश लिहिते. आई, तू बाबांना मोठ्यानं वाचून दाखव.

पुतळा लापेरूझचा, फ्रेंच आरमारातल्या नामांकित दर्यावर्दीचा. जन्म २३ ऑगस्ट १७४१, आल्बीजवळच्या वाड्यावर. मूळ नाव जाँ-फ्रांस्वा द गालो. घराणं जुनं, सरदारकीचं. आरमारात जाताना घरच्या एका जमिनीचं नाव त्यानं आपल्या नावाला जोडलं, तेच लापेरूझ. आल्बीला तार्न नदी आहे आणि तिच्यावर जवळजवळ हजार वर्षांचा पूल. त्यावर उभं राहिलं की मला आपला सांगलीचा आयर्विन पूल आठवतो. बाबा मला पुराचं पाणी दाखवायला न्यायचे, तसा हाही मुलगा नदीचं पाणी बघतच वाढला असणार. पंधराव्या वर्षी, १७५६ साली, तो फ्रान्सच्या ब्रेस्त बंदरात आरमारी उमेदवार म्हणून दाखल झाला. अठराव्या वर्षी किबरोंच्या लढाईत जखमी होऊन इंग्रजांच्या हाती सापडला. अधिकारी व्हायला तेव्हा खानदान लागायचं हे खरं, पण पुढची वर्षं त्यानं जहाजावरच काढली. आपल्या मलबार किनाऱ्यावरच्या माहीलाही तो येऊन गेला होता.

आता आईचा प्रश्न. १७७० च्या दशकात तो मॉरिशसला नेमणुकीवर होता. ते बेट तेव्हा फ्रेंचांचं होतं, मळे गुलामांच्या कष्टावर चालायचे, आणि तोही त्याच समाजात वावरला. तिथं त्याला एलेओनोर ब्रुदू भेटली. बेटावरच्या साध्या घरातली मुलगी. वडिलांनी पत्रातून साफ नकार कळवला. आपल्या घराण्याला ही सोयरीक शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आल्बीतलीच एक मुलगी पसंत केली आणि मुलानं शेवटी मान तुकवली. मधे कितीतरी वर्षं गेली. पण १७८३ मध्ये पॅरिसला एलेओनोर पुन्हा समोर आली आणि त्यानं तिच्याशीच लग्न केलं. वय एक्केचाळीस. आरमारातल्या अधिकाऱ्याला लग्नासाठी मंत्र्याची परवानगी लागे, तीही घेतली नव्हती. नंतर मंत्र्याला पत्र लिहून सगळं कबूल केलं, आणि माफी मिळाली.

हे वाचताना मला आपलं घर आठवलं. माझं लग्न ठरलं तेव्हा बाबा, तुम्ही दोन महिने माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या महिन्यात मात्र स्वतः गाडीत बसून यांच्या घरी गेलात. त्या वेळी मी त्याबद्दल तुम्हाला काही म्हटलं नाही, आज म्हणते. तुम्ही आलात म्हणून मी इतक्या लांब येऊनही घरचीच राहिले.

लापेरूझचा स्वभाव मला कळला तो १७८२ च्या स्वारीतून. उत्तर अमेरिकेतल्या हडसनच्या उपसागरात इंग्रजांची दोन व्यापारी ठाणी त्यानं घेतली. काही इंग्रज जंगलात पळाले होते. हिवाळ्यात ते उपाशी मरतील म्हणून त्यानं जाताना त्यांच्यासाठी अन्न आणि हत्यारं मागे ठेवली. ठाण्याचा प्रमुख सॅम्युअल हर्न याच्या प्रवासाचं हस्तलिखित हाती लागलं होतं, तेही छापून प्रसिद्ध करायच्या बोलीवर त्याला परत दिलं. हुकूम पाळायचा, पण माणसं मरायला सोडायची नाहीत, हे त्याला साधलं होतं.

१ ऑगस्ट १७८५ रोजी फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या आज्ञेनं तो दोन जहाजं घेऊन ब्रेस्तहून निघाला. एकाचं नाव बूसोल, म्हणजे होकायंत्र, दुसरं आस्त्रोलाब. दुसऱ्यावर त्याचा मित्र फ्ल्यूरियो द लांग्ल कप्तान. बरोबर खगोलशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, चित्रकार. हॉर्न भूशिराला वळसा, चिली, ईस्टर बेट, मग हवाईचं माउई. माउईवर पाय ठेवणारा तो पहिला युरोपीय समजतात. त्यानं तिथं झेंडा रोवला नाही. आपल्याकडे बंदुका आहेत म्हणून या लोकांची पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन आपली होत नाही, अशा अर्थाचं त्यानं रोजनिशीत लिहिलं आहे. त्या काळात, त्या हुद्द्यावर!

अलास्कातल्या लिटुया खाडीत १३ जुलै १७८६ ला खाडीच्या तोंडाच्या ओढीत दोन होड्या उलटल्या आणि एकवीस माणसं गेली, त्यांत दोन सख्खे भाऊ. समुद्र शांत असल्याशिवाय त्या तोंडाकडे जाऊ नका, असं त्यानं लेखी बजावलं होतं. पुढच्या वर्षी ११ डिसेंबरला सामोआत पाणी भरायला उतरलेला द लांग्ल आणि आणखी अकरा जण मारले गेले. लापेरूझ खचला, पण जहाजाभोवतीच्या होड्यांवर त्यानं तोफा डागू दिल्या नाहीत.

बाबा, तुम्ही नकाशे शिकवलेत म्हणून हे खास तुमच्यासाठी. जपान आणि साखालीन यांच्यामधली सामुद्रधुनी आजही त्याच्या नावानं ओळखली जाते. आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती त्याची एक सवय. जिथं संधी मिळेल तिथून तो कागद घरी पाठवायचा. मकाऊहून पाठवले, मनिलाहून पाठवले. रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचात्कात, पेत्रोपाव्लोव्स्क बंदरात त्यानं एकवीस वर्षांच्या बार्तेलेमी द लेसेप्सला उतरवलं आणि रोजनिशी, नकाशे त्याच्या हवाली केले. सबंध सैबेरिया ओलांडून वर्षभरानं, ऑक्टोबर १७८८ मध्ये, हा पोरगा ते घेऊन वेर्सायला, राजाच्या दरबारी पोचला. (सुएझ कालवावाल्या लेसेप्सचा हा चुलता.) शेवटचे कागद ऑस्ट्रेलियातल्या बॉटनी बेहून इंग्रजांच्या जहाजानं गेले. तिथं तो शिरला ती तारीख २६ जानेवारी १७८८, इंग्रजांची पहिली वसाहत तिथून सिडनीकडे हलत होती नेमकी तेव्हा. १० मार्चला दोन्ही जहाजांनी शिडं उभारली आणि नंतर कोणाला दिसली नाहीत.

१७९१ मध्ये राज्यक्रांतीच्या गदारोळातही फ्रान्सनं दाँत्रकास्तो या आरमारी अधिकाऱ्याला लापेरूझच्या शोधात धाडलं. हाती काही आलं नाही. सांगतात की वधस्तंभाकडे जायच्या दिवशी सोळाव्या लुईनंही विचारलं, लापेरूझची काही खबर? उलगडा झाला १८२७ मध्ये, आणि त्यात आपल्याकडचं एक माणूस आहे. प्रशांत महासागरातल्या टिकोपिया बेटावर १८१३ पासून राहिलेला ‘जो’ नावाचा एक लास्कर, म्हणजे युरोपीय जहाजांवरचा आपल्याकडचा खलाशी. त्याच्याकडे तलवारीच्या मुठीचा चांदीचा भाग होता. तो वानिकोरो बेटावरून आल्याचं पीटर डिलन या कप्तानाला समजलं. डिलन कोलकात्याला आला, ईस्ट इंडिया कंपनीकडून जहाज मिळवलं आणि वानिकोरोच्या खडकांवर बुडालेल्या जहाजांच्या वस्तू घेऊन परतला. पॅरिसमध्ये त्या ओळखल्या त्या म्हाताऱ्या लेसेप्सनं. पुतळ्यापाशी आहेत ते तिथलेच नांगर, तिथल्याच तोफा.

आई, मूल नव्हतं त्यांना. एलेओनोरच्या वाट्याला संसाराची दोनच वर्षं आली. १७९७ मध्ये त्याच्या प्रवासाचं वर्णन छापून झालं, म्हणजे त्याचे शब्द तिला वाचायला मिळाले. ती १८०७ मध्ये वारली. जहाजांचं काय झालं ते कळायला अजून वीस वर्षं होती. आल्बीच्या संग्रहालयातून बाहेर पडल्यावर मी पुलावर बराच वेळ उभी होते आणि मग तुम्हाला फोन लावला. फोन मधेच का केला, असं तू विचारत होतीस ना, ते यासाठी.

पुढच्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी कागदावर पत्र टाकणार आहे. फोनही करीनच. बाबांच्या कानाचं यंत्र दाखवून घ्या, खर्चाचा विचार करू नका. आईनं गुडघ्याचा व्यायाम चुकवू नये.

बाबा, कपाटावरचा तुमचा जुना अ‍ॅटलास काढा. सॉलोमन बेटांच्या पूर्व टोकाला, साधारण ११.५ अंश दक्षिण आणि १६७ अंश पूर्व, तिथं वानिकोरो येतं. तुमच्या अ‍ॅटलासात छापलेलं नसेल तर पेन्सिलीनं टिंब करून ठेवा. दिवाळीत आले की मला दाखवा.

तुमची,
मनू