स्टीलपॅन चिकटवला म्हणजे अहिराणी रॅप बेटावरचा होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अहिराणी गाण्यांत आता रॅप करणारी पोरे उतरली आहेत. डीजेच्या ठरावीक ठोक्यापेक्षा वेगळे काही हवे म्हणून त्यांतली काही जण कॅरिबियन, हवाई, मॉरिशस अशा बेटांवरचे आवाज घेत आहेत. हे धाडस आम्हाला मनापासून आवडते. पण बऱ्याचदा होते असे की वर स्टीलपॅन या कॅरिबियन वाद्याचा तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा ध्वनिमुद्रित तुकडा), मागे लाटांचा आवाज आणि खाली तोच ट्रॅप या रॅपप्रकाराचा ठोका. ऐकताना ते ठिगळच वाटते. दोष वाद्यात नसून ठोक्याच्या जागेत असतो, म्हणून हे पत्र.

हा मेळ मुळात परका नाही. हिप-हॉपची सुरुवात ज्याच्या पार्टीपासून मोजतात तो डीजे कूल हर्क जमैकातल्या किंग्स्टनचा. तिथल्या साउंड सिस्टिमची, म्हणजे मोठे स्पीकर लावून तबकड्या वाजवण्याची, रीत त्याने न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये नेली. ती पार्टी ११ ऑगस्ट १९७३ ची. (त्रिनिदादच्या तेलाच्या पिंपांतून घडलेल्या स्टीलपॅनसाठी संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये जागतिक दिवस ठरवला, तोही ११ ऑगस्टच.) पुढे अल्टरनेटिव्ह हिप-हॉपमधल्या ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या गटातल्या रॅपर फाइफचे कुटुंब त्रिनिदादचे, तर ‘फ्यूजीज’ गटातल्या वायक्लिफचा जन्म हैतीचा. बेटाचा ठोका त्यांच्या शब्दफेकीतच होता, वरून लावलेला नव्हता.

आता ठोक्याकडे येऊ. संगणकावर चार ठोक्यांच्या एका मापाचे (बारचे) १६ खाने असतात. साध्या हिप-हॉपमध्ये किक (ड्रमचा जाड ठोका) पहिल्या-नवव्या खान्यावर आणि स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) पाचव्या-तेराव्यावर. जमैकाच्या रेगे संगीतातल्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात, वेग ७५ बीपीएम (मिनिटाला ७५ ठोके) धरला तर, किक स्नेअरबरोबर पाचव्या-तेराव्यावरच पडते आणि पहिला खाना रिकामा राहतो. गिटारचा किंवा ऑर्गनचा तुटक फटका, म्हणजे ‘स्कँक’, ३, ७, ११, १५ वर. म्हणजे तयार हिप-हॉप बीटमधली पहिल्या आणि नवव्या खान्यावरची किक काढून ती पाचव्या-तेराव्यावर नेली की अर्धे काम झाले. बेसही पहिल्या खान्यावर सुरू करू नये. तिसऱ्यावर उचलावा आणि मधे जागा सोडावी.

बिघडते ते नेमके इथेच. ढोलकीवाला सवयीने समेवर डाव्या हाताचा घुमारा देतो, रिकामी ठेवलेली जागा भरून जाते आणि रेगे संपतो. अशा गाण्यात ढोलकीच्या फक्त उजव्या पुडीचे बोल ठेवावेत. घुमारा चार मापांतून एकदा आला तरी पुरे. नाचण्याजोगे हवे असेल तर डेमबो हा कॅरिबियन ठेका घ्या. वेग ९० ते १००, किक १, ५, ९, १३ वर आणि स्नेअर ४, ७, १२, १५ वर. पहिला खाना आणि स्नेअर मिळून होणारी तीन-तीन-दोनची ही वाटणी केहरव्याच्या आठ मात्रांवर सहज बसते, वादकाला फार समजावून सांगावे लागत नाही.

शब्दांच्या बाबतीत अहिराणीचे एक मोठे बळ आहे, तिकडे कोणाचे लक्ष नाही. ‘शे’, ‘ना’, ‘वं’ अशी एकाक्षरी शेपटे ओळीच्या टोकाला येतात. ती मापाच्या सुरुवातीला न टाकता पंधराव्या खान्यावरच्या स्कँकवर टाकली की ओळ आपोआप डुलते. ‘माले’, ‘तुले’ यांतली दोन्ही अक्षरे दीर्घ, म्हणून ती ७-८ मध्ये कोंबू नयेत. ७ आणि ९ वर पसरावीत. इंग्रजी रॅपच्या वेगात अहिराणी पळवली की दीर्घ स्वर कापले जातात आणि गाव-शिवारातल्या माणसाला शब्दच कळत नाहीत.

मॉरिशसचा सेगा हा नाच-गाण्याचा प्रकार आपल्याला सर्वांत जवळचा पडावा. तिथे मराठी भाषकांची जुनी वस्ती आहे आणि तिथला पारंपरिक सेगा २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. त्याचे मुख्य वाद्य रवान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा मोठा डफ; वाजवण्याआधी तो विस्तवावर शेकतात, जसा आपल्याकडे डफ शेकतात. चाल सहाच्या गणितातली, म्हणून दादऱ्याशी नाते पटकन जुळते. मात्र सेगाचा लूप चारच्या रॅपवर तसाच ठेवला तर तो सतत पुढे-मागे होतो. आधी संगणकावरच्या खान्यांची ग्रिड ट्रिप्लेटवर (एका ठोक्याचे तीन समान भाग) घ्या, मगच रवान बसवा, आणि रॅपही तीन-तीन अक्षरांच्या गटांत लिहा.

आणि तयार लूप विकत घेण्याआधी नंदुरबार-साक्रीकडची पावरी ऐका, ही कळकळीची विनंती. दुधी भोपळा आणि बांबूची, फुंकून वाजवायची ही पावरी स्टीलपॅनपेक्षा कितीतरी जास्त ओळख गाण्याला देईल. अडचण सुरांची येते. स्टीलपॅन बाराही सुरांच्या समान अंतरावर लावलेला, पावरी तशी नसते आणि श्वासाच्या जोरावर सूर थोडा हलतोही. अशा वेळी पावरीला ऑटोट्यून (सूर आपोआप सरळ करणारे सॉफ्टवेअर) लावणे म्हणजे तिचा जीव घेणे. आधी पावरी ध्वनिमुद्रित करा, ट्यूनरवर तिचा आधारसूर किती सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर-खाली आहे ते पाहा, आणि स्टीलपॅनचे व बेसचे सॅम्पल तेवढे सरकवा. माइक साधारण एक मीटरवर, तोंडासमोर न धरता थोडा तिरका; पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. वादकाच्या कानात क्लिक (वेग दाखवणारी टिकटिक) घालू नका. त्याला ढोलवाल्याबरोबर दोन मिनिटे मोकळे वाजवू द्या आणि वेग नंतर मोजा. मानधन त्याच दिवशी द्या आणि नाव व्हिडिओखाली लिहा. लूप विकत घेणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. तोच लूप आणखी पन्नास गाण्यांत असला तर यूट्यूबवर दुसऱ्याचा हक्क लागू शकतो.

मिक्सिंगचे थोडक्यात. स्टीलपॅनच्या प्रत्येक सुरात वरचा सप्तकही लावलेला असतो, त्यामुळे तीन-चार सुरांचा कॉर्ड गढूळ होतो. दोन सूर पुरेत. त्याला २०० हर्ट्झखाली कापा आणि रॅप चालू असताना २ ते ३ किलोहर्ट्झमध्ये ३ डेसिबल कमी करा, म्हणजे ‘च’, ‘स’, ‘ट’ स्पष्ट येतील. डब या रेगेच्या उपप्रकारातला प्रतिध्वनी सगळ्या आवाजावर न लावता ओळीच्या शेवटच्या शब्दावरच लावा. ४५,००० ला बीपीएमने भागले की तीन खान्यांची (इंग्रजीत ‘डॉटेड एट्थ’) वेळ मिलिसेकंदांत मिळते. ७५ ला ६००, ९० ला ५००. फीडबॅक (प्रतिध्वनी परत फिरण्याचे प्रमाण) ३५ टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि प्रतिध्वनीतला ३०० हर्ट्झखालचा भाग काढा, नाहीतर बेसमध्ये चिखल होतो. १२० हर्ट्झखालचे सगळे मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरवर एकसारखे. ४० हर्ट्झच्या खालचा बेस लग्नातल्या बहुतेक सिस्टिमवर ऐकू येत नाही, नुसता कोन हलतो आणि ॲम्प्लिफायर तापतो. मोबाइलवर तर त्याच्याही वरचा बराच बेस गायब होतो. म्हणून बेसवर थोडे सॅच्युरेशन (आवाज किंचित खरखरीत करणे) द्या. त्यातून उठणारे वरचे स्वर छोट्या स्पीकरवरही धून पोहोचवतात.

आपल्या पुरवणीत अहिराणी गाण्यांच्या बातम्या येतात, त्यांत बहुधा व्ह्यूजचा आकडा आणि कलाकाराचा फोटो असतो. त्याच्या जोडीला ढोलकी, पावरी, डफ कोणी वाजवला आणि ध्वनिमुद्रण कोणी केले, ही नावेही छापावीत, ही आमची मागणी आहे. रॅप लिहिणाऱ्या पोरांना चांगला पावरीवाला कुठल्या पाड्यावर भेटेल, हे त्यातूनच कळेल.

आपले,
संगीत संयोजन व ध्वनिमुद्रण करणारे काही वाचक,
धुळे-नंदुरबार